पुस्तकामागची आत्या

४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. आई म्हणाली, "लिहून पाठव. लिहिलेलं ती वाचतेच, निदान चुका काढायला तरी."

बातमी अशी की पेपरातली आपली चित्रपट्टी 'साडेचार माणसं' बंद होतेय. पस्तीस वर्षं दर रविवारी चार चौकटी. तेहतीस वर्षं बाबांनी काढल्या, ते गेल्यावर दोन वर्षं मी. अठ्ठावीस सप्टेंबरला शेवटची पट्टी. ऐकून माझा चेहरा पडला, तर संपादक म्हणाले, "अरे, हा शेवट नाही, सोहळा आहे! एका कुटुंबाने अख्ख्या समाजाला आरसा दाखवला. हा आपला सांस्कृतिक वारसा आहे." आता प्रदर्शन भरणार, जाडजूड ग्रंथ निघणार, आणि कळस म्हणजे शेवटच्या चौकटीत आत्या चेहऱ्यासमोरचं पुस्तक खाली घेणार! आत्या दिसते कशी, हे वाचक पस्तीस वर्षं विचारताहेत. आजवर कोणीही न पाहिलेला चेहरा!

तर मला दोनच गोष्टी हव्यात. तुझा एक बरासा फोटो आणि सोबतच्या संमतीपत्रावर सही. ती आत्या म्हणजे तूच, हे सगळ्यांना ठाऊक असल्याने सही लागेल असं वकील म्हणतात. जमल्यास ग्रंथासाठी दोन शब्दही लिही.

मी बाबांच्याच टेबलावर काम करतो. त्यांचा दाढीचा आरसा अजून समोर तसाच उभा आहे. रागावलेला माणूस काढायचा तर आधी आरशात बघून स्वतः रागवायचं, ही त्यांची शिकवण. काल मी त्यात बघून तुझं हसू काढायचा प्रयत्न केला. जमेना. तू हसतेस कशी तेच आठवेना.

तुझा लाडका,
खोडरबर


९ ऑगस्ट

चि. खोडरबर यास,

तू अडतीस वर्षांचा झालास, डोक्यावरचं केसांचं छप्पर उडालं, पण चित्रपट्टीतलं हे नाव पत्राखाली लिहायला तुला अजून लाज वाटत नाही, म्हणून मीही तेच वापरते. तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. त्यात नऊ चुका आहेत. लाल पेन्सिलीने दाखवल्या आहेत. दहावी चूक म्हणजे ते पत्र लिहिणं.

सांस्कृतिक वारसा! मी हा शब्द दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा चष्मा पुसला. काय आहे रे त्या पट्टीत? पहिल्या चौकटीत बाप नवी कल्पना घेऊन घरात शिरतो. दुसरीत आई कमरेवर हात ठेवते. तिसरीत तू काहीतरी फोडतोस. आजोबा चारही चौकटींत झोपलेले. आणि चौथीत एक काळं पुस्तक, त्याच्या वर अंबाडा, खाली दोन चपला, आणि सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतणारं एक वाक्य. हे सोळाशेहून अधिक वेळा! एवढी आवर्तनं एखाद्या मंत्राची केली असती तर देव प्रकट झाला असता. इथे त्या चित्राचे चहाचे कप प्रकट झाले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तसे सहा आहेत. प्राचार्य माझ्याच अंबाड्याला ओठ लावून चहा पितात आणि वर मलाच सांगतात, "बाई, रविवारी काय बोललात हो तुम्ही!" मी काही बोलत नाही. बोलले तर पुढच्या रविवारी छापून येईल, ही भीती अजून गेलेली नाही.

मागे एक प्रबंधवाल्या बाई आल्या होत्या. त्यांच्या मते ते पुस्तक म्हणजे समाजाने स्त्रीच्या चेहऱ्यावर ओढलेला पडदा. मी म्हटलं, "बाई, ते माझ्या भावाने डिंकाने चिकटवलेलं आहे." त्यांनी ते लगेच टिपून घेतलं. डिंकावर एक स्वतंत्र प्रकरण झालं म्हणे.

पण मी खोटं सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबाने ते पुस्तक आयुष्यात एकदाच काढलं. मग छापखान्यातून त्याच्या शेकडो प्रती करून घेतल्या आणि दर आठवड्याला कात्रीने एक कापून चौथ्या चौकटीत चिकटवली. बापाचे केस तो एकेक करून काढी, आजोबांच्या धोतराची चूण न् चूण काढी. बहिणीसाठी मात्र कात्री आणि डिंक.

हे मला ठाऊक आहे, कारण दर गुरुवारी मी तिथे असे. माझ्या तोंडी अशुद्ध भाषा नको म्हणून शुद्धलेखन मी तपासायचं, असं ठरलं होतं. तेहतीस वर्षं मी त्याच्या मागच्या वेताच्या खुर्चीत पुस्तक वाचत बसले आणि त्याची पाठ पाहिली. कोणत्या सदऱ्याची कॉलर कुठे विरली आहे, हे मी अजून सांगू शकेन. पट्टी पुरी झाली की तो ती खांद्यावरून मागे धरी, मी खुणा करून परत देई. एकदाही त्याने मान वळवून पाहिलं नाही. असा माणूस समाजाला आरसा दाखवत होता म्हणे!

पट्टी मी कधी वाचली नाही. शुद्धलेखन तपासणं म्हणजे वाचणं नव्हे.

फोटो मिळणार नाही. सही मिळणार नाही. तुझ्या बाबाने मला वचन दिलं होतं, की माझा चेहरा त्याच्या चौकटीत पुन्हा दिसणार नाही. त्याने ते पाळलं. तो मेला म्हणून ते संपलं, असं तुझ्या वकिलांना वाटत असेल तर त्यांना माझ्याकडे पाठव. मी वर्ग घेते.

तुझी आत्या


१४ ऑगस्ट

आत्या,

पट्टी कधी वाचली नाहीस म्हणतेस आणि आजोबांच्या धोतराच्या चुण्यासुद्धा पाठ आहेत तुला. असो. वाद घालणार नाही, तू जिंकशील.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तू नाही म्हणशील असं वाटलंच नव्हतं, म्हणून संपादकांना मी तुझ्या वतीने हो म्हणून बसलो. त्यांनी काल पहिल्या पानावर चौकट टाकली: 'अखेर दिसणार आत्याचा चेहरा!' दिवसभरात दोनशे वाचकांचे फोन आले. एकाने म्हणे सांगितलं, की आमच्या वडिलांना दवाखान्यातून घरी आणतोय, त्यांना तो चेहरा बघायचाय.

आता माघार घेतली तर माझं काही खरं नाही. पट्टी बंद झाल्यावर मला पुरवणीच्या चित्रकाराची जागा द्यायचं त्यांनी कबूल केलंय, पण शेवटचा अंक गाजला तर. माझ्याकडे दुसरं काय आहे ग? मला दुसऱ्याने आखून दिलेल्या पाच माणसांखेरीज काही काढताही येत नाही.

फोटो नाही म्हणून मी कल्पनेनेच एक चेहरा काढलाय. सोबत पाठवतोय. संपादक बघून म्हणाले, "वा! अशी आत्या प्रत्येक घरात हवी." एकदा बघ तरी. एका सहीचा तर प्रश्न आहे. आणि तू कधी बोललीच नाहीस, की बाबांनी असलं वचन तुला का दिलं होतं. चेहऱ्यात एवढं काय आहे?

खोडरबर


१७ ऑगस्ट

चि. खोडरबर,

चेहरा मिळाला. दात छान आहेत. मंजनाच्या जाहिरातीला पाठव, नोकरी तिथे लागेल. गालाला खळी कुणाची आणलीस? माझ्या गालाला खळी पडायची तर आधी मला कोणीतरी हसवायला हवं, आणि ते काम तुमच्या घराण्याला पस्तीस वर्षांत जमलेलं नाही.

माझ्या वतीने 'हो' म्हणालास. शाब्बास! बापाच्या वळणावर गेलास. त्यालाही माझी वाक्यं माझ्याआधी जगाला सांगायची घाई असे.

चेहऱ्यात एवढं काय आहे, विचारतोस. मग वाच.

'आजवर कोणीही न पाहिलेला' हे तुमच्या कचेरीचं धादांत अज्ञान आहे. पहिले अठरा आठवडे आत्याला चेहरा होता. डाव्या गालावरच्या तिळासकट. तेव्हा मी त्याच घरात राहत होते. तुझा बाबा जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसून पट्टी काढायचा. तू तीन वर्षांचा होतास आणि शाई पीत होतास. त्या वर्षाची फाईल तुमच्या लोकांनी जपली नाही, आणि वाचक तर कालचं विसरतात.

मी नुकतीच शिकवायला लागले होते. आमच्याकडे भूगोलाचे एक प्राध्यापक होते. उंच, अबोल, खिशात नेहमी नकाशा. संध्याकाळी ते मला घरापर्यंत सोडायला येत. लग्नाचं जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळ म्हणजे, त्यांनी विचारलं होतं आणि मी सोमवारी सांगते म्हटलं होतं. सांगणार काय होते, ते मला ठाऊक होतं. त्या आठवड्यात जेवताना तुझा बाबा मला चिडवू लागला, "कसे आहेत ग तुझे भूगोल?" लाजायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "नकाशासारखे. एकदा उघडले की पुन्हा घडी बसत नाही." तो हसला. तुझी आई हसली. मीही हसले.

रविवारी ते चौथ्या चौकटीत होतं. माझा अंबाडा, माझा तीळ, माझं वाक्य, आणि दारातून परत फिरणारा एक उंच माणूस, खिशात नकाशा.

सोमवारी त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. पावसाळ्याआधी त्यांनी बदली मागून घेतली.

तुझा बाबा म्हणाला, "अगं, विनोद होता तो." विनोद माझा होता रे. त्याने फक्त चोरला. महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. मग कागदावर दोन अटी लिहून त्याच्यापुढे ठेवल्या. माझा चेहरा दिसणार नाही, आणि तपासल्याशिवाय एक अक्षर छापलं जाणार नाही. त्याने न वाचता सही केली आणि दुसऱ्या दिवशी ते काळं पुस्तक काढलं. मी खोली घेऊन वेगळी राहू लागले.

त्या कागदाची नक्कल सोबत आहे. त्या खळीवालीला छापलंत, तर मूळ कागद घेऊन मी स्वतः तुमच्या कचेरीत येईन. दोनशे वाचकांचं मला सांगू नकोस. त्या दोनशेंपैकी शंभर लोक त्या रविवारी हसले असतील.

आत्या


३ सप्टेंबर

आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी लाजेने, मग दुसऱ्या कारणाने.

ग्रंथासाठी बाबांच्या सगळ्या मूळ पट्ट्या छायाप्रती काढायला दिल्या. ट्रंकेत गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या. शनिवारी त्या माणसाने मला बोलावलं. म्हणाला, "साहेब, तुमच्या चित्रांतून पुस्तकं गळताहेत." खरंच गळत होती. जुना डिंक वाळलाय, कागद उचलला की काळं पुस्तक सुटून टेबलावर पडतं. त्याच्या टेबलाखाली पुस्तकांचा खच पडला होता.

आत्या, त्या पुस्तकांखाली तू आहेस.

प्रत्येक पट्टीत. नुसती पेन्सिलीची खूण नाही, पूर्ण चेहरा, शाईने, एकेक रेघ. बाबा आधी तुझा चेहरा काढायचे आणि मग त्यावर पुस्तक चिकटवायचे. मी दोन वर्षं कोऱ्या कागदावर पुस्तक चिकटवतोय. मला वाटलं, तीच पद्धत.

आम्ही सगळे चित्रात तेच आहोत. मी तीनचा, आई तिशीची, आजोबा झोपलेले. एकट्या तुझं वय वाढत जातं. गोल चष्मा जाऊन चौकोनी येतो. एक पांढरी बट दिसते, मग बऱ्याच. कुठे बोट ओलं करून तू पान उलटते आहेस, कुठे जांभई, एकात चक्क तोंड उघडं टाकून झोपलीस. आजी गेली त्या आठवड्यातल्या पट्टीत तुझे डोळे सुजलेत. बहुतेक सगळ्यांत नजर खाली, पुस्तकात. फक्त अगदी शेवटच्या पट्टीत, बाबा जायच्या आधीच्या आठवड्यातल्या, तू वाचत नाहीयेस. सरळ समोर बघते आहेस.

एकच चूक आहे. पहिल्या अठरा पट्ट्याही गठ्ठ्यात सापडल्या. त्यांत तीळ डाव्या गालावर आहे. पुस्तकांखालच्या सगळ्या चेहऱ्यांत तो उजव्या गालावर आलाय. बाबांना विसर पडला असावा. म्हणशील तर छायाप्रतींत मी तो बदलून देतो.

आता खरं सांगतो. हे संपादकांना दाखवलं तर पुरवणीची जागाच काय, मागेन ते मिळेल. त्या छायाप्रतीवाल्याखेरीज कोणी पाहिलेलं नाही. गठ्ठे घरी आणून ठेवलेत. बारा चेहऱ्यांच्या छायाप्रती सोबत पाठवतोय, शेवटचाही त्यांत आहे. या वेळी तुझ्या वतीने कोणाला काही सांगितलेलं नाही. आधी विचारतोय. तू म्हणशील ते.

तो दातवाला चेहरा मी फाडून टाकला.

खोडरबर


८ सप्टेंबर

चि. खोडरबर,

पत्रात दोनच चुका. प्रगती आहे.

पट्टीविषयी माझं मत बदललेलं नाही. ती सुमार होती. बापाला तीच कल्पना वर्षातून चारदा सुचे, आईला स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकायला नऊ वर्षं लागली, आणि तू फोडलेल्या वस्तूंत नवं काही नसे. तिच्यावर प्रबंध लिहिणारे, तिच्या कपातून चहा पिणारे आणि तिच्यासाठी वडिलांना दवाखान्यातून उचलून आणणारे, सगळे मला पूर्वीइतकेच हास्यास्पद वाटतात. वारसा बिरसा काही नाही. हे आधी सांगितलं, म्हणजे पुढचं वाचून तू भलतं काही समजणार नाहीस.

तीळ बदलू नकोस.

तुझ्या बाबाला विसर पडला नव्हता. पहिल्या अठरा पट्ट्या त्याने माझ्यासमोर बसून काढल्या. पुढे मी त्याच्या पाठीमागे बसू लागले, आणि त्याच्यासमोर तो दाढीचा आरसा होता. आरशात माझा डावा गाल उजवा होतो. एवढंच आहे ते. तर्कशास्त्राचे दोन्ही पेपर मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली बाई, आणि एवढं समजायला मला तेहतीस वर्षं आणि तुझं पाकीट लागलं. त्याने मान वळवली नाही, मान वळवली नाही, असं मी जन्मभर म्हणत राहिले. त्याला वळवायची गरजच नव्हती.

शेवटचा चेहरा मी पुष्कळ वेळ पाहिला. त्या गुरुवारी तो नेहमीपेक्षा सावकाश काढत होता. एक रेघ त्याने तीनदा पुसली. मी पुस्तक मांडीवर ठेवून त्याच्या पाठीकडे बघत बसले होते. म्हटलं, आपलं बघणं त्याला कुठे दिसतंय.

त्याला दिसत होतं. त्याने ते काढलं, वर पुस्तक चिकटवलं आणि खांद्यावरून माझ्याकडे दिलं. मी त्यात दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि परत केलं.

त्या बारा मी परत पाठवणार नाही. झोपलेली जी आहे ती अतिशयोक्ती आहे, मी तोंड उघडं टाकून झोपत नाही. तरी तीही ठेवून घेते.

आता कामाचं. संपादकांना काही दाखवायचं नाही. सगळी पुस्तकं जिथल्या तिथे पुन्हा चिकटव, सोळाशेच्या सोळाशे. तुला पुरवणीत जागा मिळाली तर तुझ्या हातावर मिळव, माझ्या तोंडावर नको. मिळाली नाही तरी तुला काढता येत नाही असं रडू नकोस. तू मला कधी समोर बसवून पाहिलंच नाहीस, मग हसू जमणार कसं? संमतीपत्र सहीशिवाय परत पाठवते आहे. त्यात अकरा चुका आहेत. वकिलांना दे, त्यांचा वर्ग झाला.

शेवटच्या पट्टीसाठी मात्र एक वाक्य देते. हे चोरलेलं नाही, मी स्वतःहून देते आहे. तिसऱ्या चौकटीत सगळे ओरडतील, "आत्या, इकडे बघ, आता तरी चेहरा दाखव!" आजोबासुद्धा जागे होऊ देत, त्यांची झोप एव्हाना झाली असेल. चौथ्या चौकटीत ते काळं पुस्तक नेहमीसारखं वर, आणि आत्या म्हणेल, "थांबा, एवढं पान संपू दे."

दोनशे वाचक चिडतील. चिडू देत. त्यांना आजवर एवढं बरं वाक्य मिळालेलं नाही.

आणि कोऱ्या कागदावर पुस्तक चिकटवण्याचा आळस या वेळी चालणार नाही. आधी चेहरा काढायचा, मग त्यावर पुस्तक. डिंक ताजा आण. वेताची खुर्ची जिथे होती तिथे ठेव, आईला तिच्यावर कपडे टाकू देऊ नकोस. पंचवीसला गुरुवार आहे. मी चारला येते, शुद्धलेखन तपासायला. चहा साध्या कपात दे.

आरसा पुसून ठेव.

आत्या